पाठमोरा कलावंत

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत, आणि त्यांतील एकाच्या नावापुढे 'रेल्वे' व दुसऱ्याच्या नावापुढे 'बाजार' जोडून देऊन घोटाळा कायमचा मिटविल्याचे समाधान ज्या कोणा अज्ञात अंमलदाराने मानले असेल, त्याच्यावर या दोहोंपैकी एका गावी पाहुणा म्हणून येण्याचा प्रसंग हयातीत कधी आला नसावा, असे मला नेहमी वाटते. आमचे चांदूर बाजाराचे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे ते त्यांचे. आणि आमच्याकडे निघालेली पत्रे, पार्सले, व्याही, विम्याचे प्रतिनिधी आणि एकदा तर एक नवरदेवसुद्धा आधी तिकडे उतरून, तेथील सुस्वभावी लोकांची सांत्वनपर वाक्ये ऐकून, मग इकडे आले आहेत. अलीकडे नरखेडच्या मार्गावर आमच्या गावालाही स्थानक मिळाले. त्यामुळे घोटाळा कमी होईल अशी अपेक्षा होती, परंतु झाले उलटेच. कारण आता रेल्वे चांदूर बाजारलाही आहे आणि बाजार चांदूर रेल्वेलाही पूर्वीपासून होताच, तेव्हा नावांवर विसंबण्यासारखे काही उरले नाही.

हे दुसरेपण वऱ्हाडी माणसाला नवे नाही. हा प्रांत 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, 1902 साली सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने गेला, आणि 1936 साली 'बेरारचा युवराज' ही पदवी निर्माण झाली तेव्हा ती हैदराबादेत राहणाऱ्या राजपुत्राच्या नावाला लागली. म्हणजे मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा, पदवी तिसऱ्याची, आणि कापूस पिकवायला तेवढे आम्ही. अशा प्रांतातील, अशा गावातील एका मनुष्याने वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी चित्रपटात गर्दीतील इसमाचे काम पत्करले, यात आश्चर्य कसले? आश्चर्य असलेच तर ते इतकेच, की यासाठी एकोणसत्तर वर्षे थांबावे लागले.

मी महसूल खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कोणत्या कचेरीतून, ते सांगत नाही. पुढील मजकुरात त्या कचेरीचा उल्लेख फारसा भूषणास्पद रीतीने येणार नाही. चित्रपटाच्या धंद्यात माझ्यासारख्यांना पूर्वी 'एक्स्ट्रा' म्हणत, म्हणजे जादा, हिशेबात न धरलेले, उरलेसुरले. पुढे तो शब्द अवमानकारक ठरला आणि त्याच्या जागी 'ज्युनिअर आर्टिस्ट' हा शब्द आला, त्यातील आर्टिस्ट सगळे गाळतात आणि ज्युनिअर तेवढा ठेवतात. अशा रीतीने मी अव्वल म्हणून निवृत्त झालो आणि ज्युनिअर म्हणून पुन्हा रुजू झालो. सरकारी नोकरीत इतकी थेट पदावनती करायची तर आधी विभागीय चौकशी बसवावी लागते.

या पेशाची कुळकथा मात्र थोर आहे आणि ती आपल्याच मुलखात सुरू होते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके तारामती झाले आणि तारामतीच्या सख्या म्हणूनही पुरुषच पदर सावरीत उभे राहिले. सगळ्या लवाजम्याचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करीत. चित्रपटात काम करतो असे म्हणण्याची तेव्हा लाज वाटे, म्हणून कोणी विचारलेच तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहे' असे सांगावे, अशी तजवीज फाळक्यांनी करून ठेवली होती. परेश मोकाशींनी 2009 सालच्या आपल्या चित्रपटाला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे नाव दिले ते त्यावरून. हा सारा इतिहास मी आमच्या निवृत्तांच्या बैठकीत, माझ्या नव्या उद्योगाला प्रतिष्ठा मिळावी या हेतूने, सविस्तर कथन केला. तो संपूर्ण ऐकून घेतल्यावर एका पेन्शनर मित्राने "मंग तुम्हालेबी मिशी काढा लागन काय?" एवढाच खुलासा मागितला.

गर्दीचा खरा महिमा कळायला मात्र अटेनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटाकडे जावे लागते. महात्माजींच्या अंत्ययात्रेचे दृश्य 31 जानेवारी 1981 रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्यसंस्काराला बरोबर 33 वर्षे झाली त्या दिवशी, दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले, आणि त्याला तीन लाखांवर माणसे जमली. पुष्कळशी आपखुशीने आली होती, बाकीच्यांना अल्पसा मेहनताना होता. पडद्यावर ते दृश्य जेमतेम दोन मिनिटे दिसते. सामाईक खात्यातील हिस्से काढण्यात हयात गेल्यामुळे मला राहवले नाही आणि मी पाटीवर आकडेमोड केली. दोन मिनिटांचे सेकंद 120, खातेदार 3,00,000, तेव्हा दरडोई हिस्सा एका सेकंदाचा अडीच हजारावा भाग. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने एका चित्रावर सुमारे 104 इसमांचा सामाईक ताबा येतो. एवढ्याशा तुकड्यावर एवढे हिस्सेदार मी फक्त आमच्या भागातील वडिलोपार्जित विहिरींच्या बाबतीत पाहिले आहेत, आणि तेथे भांडणे होतात. दिल्लीत कोणी भांडले नाही.

तर काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, मृग बहाराची संत्री बगीच्यांतून उतरू लागली असता, मुंबईहून एक चित्रपटसंस्था आमच्या गावी अवतीर्ण झाली. चित्रपट शेतकऱ्याच्या दुःखावर होता. त्याचे नाव मी देत नाही. स्थानिक माणसे पुरविण्याचा मक्ता आमच्याकडील एका मंडपवाल्या तरुणाकडे गेला, कारण खुर्च्या पुरविणाराला माणसे पुरविणे जड जाऊ नये असा सर्वसाधारण समज होता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "साह्यब, उद्या सकाई पाच वाजता या. काही कराचं नाही, नुसतं उभं रायाचं. चारशे रुपये आन् दोन टाईम जेवन." बसून काही न करण्याचा मला दांडगा अनुभव होता. उभे राहून काही न करणे हा प्रकार नवा होता, परंतु मनुष्याने उतारवयातही शिकत राहावे, असे म्हणतात.

पाच वाजता आम्ही साठजण हजर झालो. साडेसहाला चहा आला. वेशभूषेवर देखरेख करणारी एक मुलगी आमच्या रांगेवरून, गिरदावरीला आलेल्या मंडल अधिकाऱ्याच्या नजरेने, फिरू लागली. माझ्यापाशी थांबून, माझा टेरीकॉटचा सदरा, इस्त्रीची पँट आणि खिशातील पेन पाहून तिने मान हलविली आणि सोबत्याला सांगितले, "हे काका गावाकडचे वाटत नाहीत." मी एकोणसत्तर वर्षे गावाकडचा होतो. माझे वडील, आजोबा गावाकडचे होते. परंतु पुराव्याचा कायदा तिच्या बाजूचा होता, आणि दहा मिनिटांत मला धोतर, मळका अंगरखा व डोक्याला कोल्हापुरी धाटणीचा भला थोरला फेटा बांधून ग्रामीण करण्यात आले. आमच्याकडे वडीलधारी माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळतात किंवा पांढरी टोपी घालतात, हा फेटा आमच्या भागात लग्नात नवरदेवाच्या मामालाच तेवढा बांधतात, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. "प्रेक्षकांना तसा शेतकरी समजत नाही, काका," असे उत्तर मिळाले. ते अंतिम होते. अपिलाची मुभा नव्हती.

शेतकऱ्याच्या दुःखाचा पडद्यावरील वारसाही जुना आहे, आणि थोर माणसांनी तो सुरू केला आहे. बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेला कुणबी चित्रात आणला, त्यातील तरुण शेतकरी व्ही. शांताराम होते, आणि आमच्या विदर्भाची व्यथा सतीश मनवरांनी 2009 साली 'गाभ्रीचा पाऊस' मध्ये मांडली, तेव्हा त्या शीर्षकातील शिवीचा गोडवा वऱ्हाडाबाहेर किती जणांना उमगला असेल कोण जाणे. ही माणसे दुःख ओळखून होती. त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांनी त्यांच्याकडून दुःख न उचलता फक्त मळका अंगरखा उचलला, असे माझे मत आहे. आमच्यात एक संत्रीवाले गृहस्थ होते. त्यांना त्यांच्याच बगीच्यातून विकत आणलेल्या संत्र्यांच्या ढिगाशी बसवून हताश दिसण्यास सांगण्यात आले. त्या वर्षी भाव बरा होता. शिवाय सदर ढीग त्यांनी आदल्या रात्रीच चित्रपटवाल्यांना चढ्या दराने विकला होता. त्यांनी हताश होण्याची शर्थ केली, पण तोंडावरचा आनंद काही केल्या मावळेना, तेव्हा अखेर त्यांना उलट्या बाजूला तोंड करून बसविले.

ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्या गावात बाजार भाड्याने आणून मांडावा लागला, ही त्या दिवसाची दुसरी नोंदण्याजोगी घटना. आमचा खरा बाजार दिग्दर्शकांना पसंत पडला नाही. त्यात मोबाइलची कवचे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चिनी खेळणी होती. बाजार म्हणजे बैलगाडी, मडकी, घोंगड्या आणि मध्येच एक पोपटवाला ज्योतिषी, अशी त्यांची निश्चित कल्पना होती. तेव्हा खऱ्या बाजारापासून दोनशे पावलांवर खोटा बाजार उभा राहिला, आणि आम्ही त्यात 'पासिंग' देऊ लागलो. पासिंग म्हणजे नायक बोलत असता त्याच्या मागून इकडून तिकडे जाणे आणि 'कट' झाल्यावर मुकाट्याने पुन्हा इकडे येणे. हे सांगायला जितके सोपे तितके करायला अवघड. वऱ्हाडी माणूस रिकामा बसेल, परंतु उगाच चालणार नाही. एका म्हाताऱ्या बाईने सहायकाला विचारले, "पन मी चालली कुठी?" तो म्हणाला, "कुठेही, आजी." ती म्हणाली, "कुठीबी कशी जाऊ बाप्पा? घरी काय सांगू?" शेवटी ती लेकीकडे चालली आहे असे ठरवून दिल्यावर ती इतक्या लगबगीने निघाली, की चौकट ओलांडून थेट खऱ्या बाजारात पोचली आणि तिला परत आणायला मोटारसायकल पाठवावी लागली. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी पासिंग देता देता वांग्यांचा भाव विचारला, तो त्यांना जास्त वाटला, आणि कॅमेरा थांबला तरी घासाघीस थांबली नाही.

कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही, हा पहिला नियम. तो जाहीर होताच साठही जणांनी इतक्या काटेकोरपणे विरुद्ध दिशेला माना वळविल्या, की त्या बाजूला आग लागली असावी असा भास व्हावा. दुसरा नियम याहून कठीण होता. नायकाचे बोलणे स्वच्छ मुद्रित व्हावे म्हणून गर्दीने आपसात बोलल्याचा अभिनय करायचा, ओठ हलवायचे, हातवारे करायचे, पण आवाज काढायचा नाही. ज्या मुलखात गाडगेबाबांनी कीर्तनात प्रश्न टाकावा आणि समोरच्या हजारोंनी एका आवाजात त्याचे उत्तर द्यावे, जेथे श्रोते हेच अर्धे कीर्तन होते, त्या मुलखातील माणसाला ओठ हलवून गप्प राहण्याचा हुकूम देणे म्हणजे विहिरीला पाणी न दाखवण्यास सांगणे होय. (आमच्याच जिल्ह्यातील धामणगावच्या राजदत्तांनी 1977 साली बाबांवर 'देवकीनंदन गोपाला' काढला, त्यात डॉ. श्रीराम लागू बाबा झाले होते. राजदत्तांना ही अडचण समजावून सांगावी लागली नसती.) माझ्या शेजारच्या इसमाने हुकुमाबरहुकूम नुसते ओठ हलविले. समोरच्याला ऐकू येईना. त्याने कानाला हात लावून, नायकाच्या डोळ्यांत नेमके पाणी आले असता, साऱ्या आसमंताला ऐकू जाईल अशा स्वरात विचारले, "काय म्हंतं बे?"

या साऱ्या गोंधळात मला मनापासून आदर वाटला तो एका मुलीविषयी. तिच्याकडे 'कंटिन्युइटी' होती, म्हणजे पहिल्या चित्रणात कोण कोठे होता, कोणाचा कोणता हात वर होता, पिशवीतून मेथी किती बाहेर आली होती, याची ती नोंद ठेवी. तो अस्सल पंचनामा होता. तिने काढलेली छायाचित्रे, वेळ, चतुःसीमा, सारे यथास्थित. मी माझ्या नोकरीत इतका निर्दोष पंचनामा फारच क्वचित पाहिला. एका आजोबांना पहिल्या चित्रणात अर्धे संत्रे खाताना दाखविले गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी ते अर्धेच असले पाहिजे असा तिचा दंडक होता. नायकाला आपले वाक्य नवव्या खेपेला साधले. आजोबांनी तोपर्यंत नऊ संत्र्यांचे उत्तरार्ध खाल्ले होते आणि पूर्वार्ध वाया जाऊ नयेत म्हणून तेही खाल्ले होते. दुपारच्या जेवणाला ते बसले नाहीत.

जेवणाचे एका वाक्यात सांगतो: तेथे तीन पंगती होत्या, नटांची, तंत्रज्ञांची आणि आमची, आणि त्या तिन्हींतील वरणाचा दाटपणा याच क्रमाने उतरत गेला होता.

तिसऱ्या प्रहरी तहसील कचेरीचे दृश्य घेतले गेले. एका बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत टेबल मांडून, मागे लाल फडक्यात बांधलेले बस्ते रचून, कचेरी उभी केली होती. प्रसंग असा, की नायक फेरफाराच्या नोंदीसाठी महिनोगणती खेटे घालतो आहे आणि कारकून त्याला दाद देत नाही. कारकुनाच्या जागी मुंबईचा एक पंचविशीतला नट बसला होता. मी, चौतीस वर्षे त्याच टेबलाच्या त्याच बाजूला बसलेला मनुष्य, धोतर नेसून रांगेत अर्जदार म्हणून उभा होतो. खोटे कशाला सांगू, मला ते लागले. इतक्यात कॅमेऱ्यामागचे गृहस्थ म्हणाले, "इथे काकांचं सजेशन घेऊ या."

चौतीस वर्षांच्या सेवेत माझे सजेशन कोणी मागितले नव्हते. मी किंचित पुढे सरसावलो, घसा साफ केला आणि क्रमवार तीन सूचना मांडल्या. एक, अर्ज आवक नोंदवहीत चढविल्याखेरीज त्यावर शिक्का बसत नाही, तेव्हा नटमहाशयांनी शिक्का आधी मारू नये. दोन, पंखा चालू असता टेबलावरचे सुटे कागद वजनाखाली ठेवतात, नाहीतर कचेरीचा कारभार खिडकीवाटे जाईल. तीन, हातातील कागद सातबाऱ्याचा आहे आणि संवाद फेरफाराचा आहे, हे प्रेक्षकांना कळले नाही तरी तलाठ्यांना कळेल, आणि महाराष्ट्रात तलाठ्यांची संख्या दुर्लक्षणीय नाही. सर्वत्र शांतता पसरली. मग सहायकाने माझ्याजवळ येऊन, हलक्या आवाजात, सजेशन म्हणजे काय ते समजावून दिले. समोरच्याचा चेहरा घेताना अलीकडच्या माणसाचा खांदा, कान किंवा डोक्याचा मागचा भाग चौकटीच्या कडेला ठेवतात, म्हणजे समोर कोणीतरी उभे आहे असा भास राहतो. त्या तुकड्याला सजेशन म्हणतात. त्यांना माझे मत नको होते, माझा खांदा हवा होता.

तो मी दिला. फेटा काढून हातात धरण्यास सांगितले, कारण साहेबापुढे उघड्या डोक्याने, मान खाली घालून उभा असलेला म्हातारा अधिक दीन दिसतो. येथे एक खासगी गोष्ट नमूद करणे भाग आहे. माझ्या डोक्याला दोन भोवरे आहेत. दोन भोवऱ्यांच्या माणसाची दोन लग्ने होतात असा लोकसमज आहे. माझे एकातच भागले, पण भोवरे मात्र ठसठशीत आहेत आणि केस विरळ झाल्यापासून अधिकच.

दिग्दर्शक त्या तरुण नटाला म्हणाले, "मान वर करायची नाही. समोर कोण आहे ते बघायचंच नाही. लिहीत राहा, मध्येच चहा प्या, आणि न बघता म्हणा, पुढच्या आठवड्यात या." त्याने ते पहिल्याच खेपेला इतके हुबेहूब केले, की मी चरकलो. हे याला कोणी शिकविले? ती विशिष्ट मान, तो डाव्या हाताने कागद बाजूला सारण्याचा शिरस्ता, 'पुढच्या' या शब्दावरचा तो थकलेला आघात. हे सारे माझे होते, माझ्या आधी माझ्या वरिष्ठांचे होते, आणि मुंबईच्या त्या पोराला ते कोणत्या दप्तरातून मिळाले असेल याचा मी अजून विचार करीत असतो. प्रकाशयोजना बदलली, कोन बदलले, आणि त्या दृश्यापायी मी त्या टेबलासमोर चार तास दहा मिनिटे उभा होतो. तेवढ्या वेळात त्याने 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य एकतीस वेळा उच्चारले. गुडघे भरून आले. बाविसाव्या खेपेला, दृश्य खोटे आहे, कचेरी खोटी आहे, अर्ज कोरा आहे, हे सर्व पूर्णपणे ठाऊक असताना, मला त्याचा खरोखर राग आला. दिग्दर्शक म्हणाले, "काकांच्या खांद्यात आता छान टेन्शन आलंय."

मेहनतान्याचे चारशे रुपये सही घेऊन, पावतीसह मिळाले.

यानंतर मुलीकडे मुंबईला मुक्काम असताना, गोरेगावच्या चित्रनगरीत, म्हणजे 1977 साली स्थापन झालेल्या आणि पुढे दादासाहेब फाळक्यांचे नाव मिळालेल्या त्या विस्तीर्ण आवारात, एका दूरचित्रवाणी मालिकेच्या लग्नात मी वऱ्हाडी म्हणून दोन दिवस उभा राहिलो. जन्माने वऱ्हाडी होतोच, आता पेशानेही झालो. मालिकेतील लग्न खऱ्या लग्नापेक्षा दीर्घ असते. पहिल्या दिवशी आम्ही अक्षता टाकल्या, दुसऱ्या दिवशी त्याच अक्षता झाडून गोळा करून पुन्हा टाकल्या, आणि तरी लग्न लागले नाही, कारण मध्येच कोणीतरी दारात येऊन 'थांबा' म्हणाले व भाग संपला. माझ्या शेजारच्या जरीकाठी साडीतल्या बाई हे काम कित्येक वर्षे करीत होत्या. त्यांनी इतक्या विवाहांना हजेरी लावली होती, की मुहूर्त टळणार की नाही हे त्या नवरीच्या दागिन्यांवरून सांगत. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटे 52 भूमिका करीत. आम्ही त्या मांडवात साधारण तितकेच होतो आणि सगळे मिळून एकही करीत नव्हतो.

पुढे तो शेतकऱ्याच्या दुःखाचा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही सहकुटुंब, सहपरिवार, दोन व्याह्यांसह, एकूण चौदा माणसे अमरावतीला गेलो. बाजाराचे दृश्य आले आणि गेले. त्यात उलट्या बाजूला तोंड केलेले संत्रीवाले मला दिसले, इतरांना दिसले नाहीत. कचेरी आली. कारकुनाचा चेहरा पडद्यावर भरून राहिला होता आणि चौकटीच्या उजव्या कडेला, किंचित धूसर, माझा खांदा, माझा कान आणि माझे दोन भोवरे, असे मिळून चार सेकंद दिसले. दिल्लीकरांच्या हिश्शाशी तुलना करता मी दहा हजार पट भाग्यवान ठरलो. मी अभिमानाने शेजारी पाहिले. आमच्या कुटुंबाने पदर सारखा करीत सांगितले, "हे पाठ त घरी रोजच दिसते. तिकिटाचे पैसे कायले खर्चाचे?"

गावात माझी ओळख पटविली ती आमच्या केशकर्तनालयाच्या चालकांनी. त्यांनी चित्रपट पाहिला होता, आणि मी खुर्चीत बसताच, आरशातून माझ्याकडे न पाहता माझ्या डोक्याकडे पाहत, ते उपस्थितांना म्हणाले, "डोकं साह्यबाचंच. हे दोन भोवरे म्या हजार डाव पायले." बाकावर एक वृद्ध शेतकरी आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते, खेड्यावरून आलेले असावेत. ते उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळाने, जुन्या दस्तऐवजातील सही पटावी तसे समाधानाने म्हणाले, "मीबी वळखले. सिनेमा नाही पायला म्या. पन तुमच्या टेबलापुढं दोन सालं उभा रायलो होतो ना, फेरफारासाठी. तुमचं तोंड काही ध्यानात नाही. भोवरे हाये."

मी विचारले, "फेरफार झाला होता ना?"

"झाला ना बाप्पा," ते म्हणाले. "दोन सालानं झाला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी मला त्यांच्याजवळच्या पिशवीतून दोन संत्री दिली आणि माझ्यानंतर त्यांची हजामत झाली. खरे म्हणजे पाळी त्यांची आधी होती. हे मला घरी आल्यावर ध्यानात आले.

आता एका बाबीचा निर्देश करून हा मजकूर संपवतो. चित्रपटाच्या अखेरीस जी ऋणनिर्देशांची यादी वर सरकत जाते, ती बहुतेक प्रेक्षक उभे राहून, चपला शोधीत पाहतात. मी ती बसून, चष्मा लावून वाचली. तीत स्पष्ट अक्षरांत 'विशेष आभार: समस्त ग्रामस्थ, चांदूर रेल्वे' असे छापलेले आहे. मी दुसऱ्याच दिवशी निर्मात्यांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला, त्यात दोन्ही गावांच्या चतुःसीमा दिल्या, चारशे रुपयांच्या पावतीची नक्कल जोडली, आणि तो पोचपावतीसह रजिस्टर टपालाने रवाना केला. पोच आली. त्यानंतर दोन स्मरणपत्रे पाठविली, आणि एकदा दूरध्वनी केला असता पुढच्या आठवड्यात करा असे सांगण्यात आले. अर्जाला आता दोन वर्षे होतील. तूर्त वाचकांना एवढीच विनंती, की तो चित्रपट कधी पाहण्यात आलाच, आणि कचेरीच्या दृश्यात उजव्या कडेला दोन भोवऱ्यांचे एक डोके दिसले, तर ते चांदूर बाजारचे समजावे.